वाचकांचे प्रश्न : मेहरानगड बघायला जाताय? मग अख्खा दिवस ठेवा

मागच्या महिन्यात मी याच पानावर जोधपूरच्या मेहरानगडावर जाऊन आल्याचं लिहिलं होतं, म्हणजे किल्ला आणि त्याच्या आतलं म्युझियम दोन्ही. त्यावर एवढे प्रश्न आलेत की या वेळी बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त मेहरानगडच घेते.

प्रश्न : ताई, डिसेंबरमध्ये आईला घेऊन राजस्थानला चाललोय. आई ७१ वर्षांची आहे, गुडघे दुखतात. टूरवाल्यांच्या कार्यक्रमात मेहरानगडाला दोन तास दिलेत, पुरतील का? आणि आईला झेपेल का? (एक वाचक, नाशिक)

नाही हो पुरत दोन तास. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आमच्या टूरवाल्याने सव्वा तास दिला होता, त्यातली वीस मिनिटं तिकिटाच्या रांगेत गेली आणि उरलेल्या वेळात मी फक्त समोरच्या माणसाची पाठ बघत पळत होते, एक दालन धड बघितलं नाही. परत बसमध्ये बसल्यावर रडायला यायचं बाकी होतं. म्हणून तुम्हाला मनापासून सांगते, जमत असेल तर तो दिवस टूरमधून सोडवून घ्या, रिक्षा करून तुमचे तुम्ही जा. सकाळी ९ ला उघडतं, ५ ला बंद होतं. उघडता उघडता पोचलात तर पहिला दीड तास शांतपणे मिळतो, मग गर्दी सुरू होते.

आईंसाठी लिफ्ट आहे, तिचं तिकीट वेगळं. जयपोलपासून (पोल म्हणजे दरवाजा) वरपर्यंतचा चढ चांगलाच अंगावर येतो आणि फरशा घासून गुळगुळीत झाल्यात, त्यामुळे वर जाताना लिफ्टच घ्या आणि येताना हळूहळू चालत उतरा. म्हणजे दरवाजे पण बघून होतात. आत दालनांमधून जाताना काही जिने अरुंद आहेत, तिथे आईंना पुढे ठेवा आणि तुम्ही मागे राहा. चप्पल नको, घट्ट बसणारे बूट घाला. ऑडिओ गाईड मराठीत नाही, हिंदीत मिळतो, तो घ्याच. हवं तिथे बंद करून बसता येतं, गुडघेदुखीवाल्या माणसाला हे फार बरं पडतं.

रेल्वेने जाणार असाल तर वांद्रे टर्मिनसवरून सूर्यनगरी एक्सप्रेस आहे, बोरिवलीलाही थांबते, दुसऱ्या दिवशी सकाळी जोधपूर. पण त्याच दिवशी किल्ला करू नका, एक रात्र झोप होऊ द्या.

प्रश्न : मी गेली पंधरा वर्षं सह्याद्रीत ट्रेक करतो. आपले एवढे किल्ले पडून असताना तिकडचा राजवाडा बघायला पैसे का घालवायचे? त्यात हे राजे मुघलांच्या नोकरीत होते. आपला काय संबंध? (एक वाचक, सातारा)

संबंध आहे, आणि जवळचा आहे. याच कारणासाठी मला वाटतं की मराठी माणसाने हा किल्ला बघावा.

आत हत्तींच्या हौद्यांचं दालन आहे. त्यात एक चांदीचा हौदा आहे, शहाजहानने महाराजा जसवंतसिंगांना दिलेला. जवळ जाऊन नीट बघा, हौद्याचे दोन कप्पे असतात, पुढचा मोठा, समोर उंच पत्रा, तिथे राजा बसायचा, आणि मागचा लहान, जेमतेम एक माणूस मावेल एवढा, तो अंगरक्षकाचा. पुढच्या कप्प्यात बसणारे हे जसवंतसिंग म्हणजे तेच, जे शाहिस्तेखानाच्या वेळी पुण्याच्या परिसरात फौज घेऊन होते आणि १६६३-६४ मध्ये ज्यांनी सिंहगडाला वेढा घातला आणि गड न घेताच ज्यांना वेढा उठवून जावं लागलं. सिंहगडावर तुम्ही शंभर वेळा गेला असाल. गडाच्या बाहेर वेढा घालून बसलेल्या माणसाचं घर इथे आहे.

आता पुढचं बघा. जसवंतसिंग १६७८ मध्ये खैबरच्या तोंडाशी जमरूदला वारले, मुलगा अजितसिंग त्यानंतर जन्माला आला, आणि औरंगजेबाने मारवाड खालसा केलं. तान्ह्या मुलाला दिल्लीतून काढून वाचवणाऱ्यांमध्ये पुढे होते दुर्गादास राठोड. औरंगजेबाचा मुलगा अकबर बंड करून फसला तेव्हा त्याला घेऊन हेच दुर्गादास १६८१ मध्ये थेट आपल्याकडे आले, संभाजी महाराजांच्या आश्रयाला, सुधागडाखालच्या पालीत उतरले. सुधागड केला असेल ना तुम्ही? १६८७ मध्ये अकबर जहाजाने इराणला गेला आणि दुर्गादास परत मारवाडात लढायला गेले. आपल्याकडे औरंगजेबाशी सत्तावीस वर्षं झुंज चालली असं आपण म्हणतो, तिकडे १६७९ पासून धरली तर अठ्ठावीस. १७०७ ला अहमदनगरजवळ भिंगारला बादशहा मेला आणि अजितसिंगांनी जोधपूर परत घेतलं, त्या विजयाचा दरवाजा म्हणजे फत्तेपोल. शहराच्या बाजूने चढून आलात तर त्याच दरवाजातून आत याल. मी तिथे उभी राहिले तेव्हा अक्षरशः अंगावर काटा आला, कारण मृत्यू आपल्या नगरजवळचा आणि दरवाजा इथला.

पण सगळं गोडगोड नाहीये, तेही सांगायला पाहिजे. याच अजितसिंगांचे चिरंजीव अभयसिंग १७३० मध्ये बादशहाकडून गुजरातचे सुभेदार म्हणून गेले. तिथून आणलेली महाडोल नावाची सोनेरी पालखी आत ठेवलीय, एवढी जड की उचलायला बारा माणसं लागायची, चारी बाजूंनी काचा. फूलमहालाचं सोनंही त्याच गुजरातच्या मोहिमेतलं म्हणतात. आणि याच सुभेदारीत, १७३२ मध्ये, डाकोरला बोलणी करायला म्हणून माणसं पाठवून आपले मराठा सरदार पिलाजी गायकवाड यांचा खून करवला तो अभयसिंगांनीच. ऑडिओ गाईड फूलमहालाच्या नक्षीबद्दल छान बोलतो, पिलाजींचं नाव काही येत नाही. ते आपण सोबत घेऊन जायचं.

राहिला किल्ला म्हणून किल्ला. राव जोधांनी १४५९ मध्ये मंडोरहून राजधानी हलवून हा बांधायला घेतला. खालच्या सपाटीपासून साधारण १२० मीटर उंच, तटबंदी काही ठिकाणी ३६ मीटर. तुमच्यासारख्याला आवडेल तो खडक. आपला बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, हा पण ज्वालामुखीचाच, पण रायोलाईट, लालसर-तपकिरी आणि वय साधारण ७५ कोटी वर्षं. तट कुठे संपतो आणि कातळ कुठे सुरू होतो ते खालून बघताना कळत नाही. आपल्या गडांवर आपण जोती बघून वाडा मनात उभा करतो. इथे वाडा उभा आहे, आत वस्तू आहेत, आणि त्या नीट जपणारा ट्रस्ट आहे, १९७२ पासून. हे बघून आल्यावर आपल्या गडांवरची रिकामी जोती मला जास्त बोलायला लागली, तुम्हालाही तसंच होईल असं वाटतं.

प्रश्न : लोहापोलजवळ सती गेलेल्या राण्यांच्या हातांचे ठसे आहेत म्हणे. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, खूप प्रश्न विचारते. तिला दाखवावं का? (एक वाचक, ठाणे)

दाखवा. पण आधी बोलून घ्या, एकदम तिथे नेऊन उभं करू नका.

दरवाजाच्या बाजूच्या भिंतीवर ओळीने छोटे छोटे पंजे कोरलेत, शेंदूर लावलेला, काहींवर वर्ख. लोक नमस्कार करतात, फुलं वाहतात. हात खरंच लहान आहेत, तुमच्या मुलीच्या नक्की लक्षात येईल आणि ती म्हणेल, आई हे तर माझ्याएवढे आहेत. १८४३ मध्ये महाराजा मानसिंग वारले तेव्हा त्यांच्या राण्या सती गेल्या, त्यांचेही ठसे त्यात आहेत. म्हणजे इंग्रजी मुलखात १८२९ मध्ये कायद्याने बंदी आल्यानंतर चौदा वर्षांनी, कारण इथे संस्थान होतं. त्यांना कोणी विचारलं होतं का, हा प्रश्न ती विचारेल, तेव्हा खरं उत्तर द्या. शौर्य वगैरे सांगून गुंडाळू नका.

आणि तिला राजाराम मेघवालांबद्दल पण सांगा. किल्ल्याचा पाया घालताना त्यांना जिवंत पुरलं असं परंपरा सांगते, त्यांच्या नावाचा दगड आहे तिथे. चिडियानाथ नावाच्या साधूला त्याच्या डोंगरावरून उठवलं म्हणून त्याने पाण्याचा दुष्काळ पडेल असा शाप दिला, आणि तो शाप उतरवायला हा बळी, अशी ती गोष्ट. बहुतेक लोक त्या दगडासमोरून फोटो काढत पुढे जातात. मेघवाल समाज म्हणजे विणकाम, कातडीकाम करणारा, अस्पृश्य मानलेला. कोणाला पुरलं आणि कोणाच्या नावाने किल्ला ओळखला जातो, एवढं अकराव्या वर्षी नक्की समजतं.

प्रश्न : आम्ही ऑक्टोबरमध्ये नवरात्रात गेलो तर चालेल का? किल्ल्यावर देवी आहे ना? (एक वाचक, कोल्हापूर)

चामुंडादेवी आहे, राव जोधांनी मंडोरहून आणलेली, आणि जोधपूरकरांची तिच्यावर खूप श्रद्धा आहे. पण म्हाताऱ्या माणसांना, लहान मुलांना घेऊन नवरात्रात नका जाऊ. ३० सप्टेंबर २००८ ला घटस्थापनेच्या पहाटे तिथे चेंगराचेंगरी होऊन दोनशेहून जास्त माणसं गेली. देवीला जायचं तर साध्या दिवशी जा, दर्शन निवांत होतं आणि तिथल्या तटावरून निळी घरं पण दिसतात.

ऑक्टोबरच हवा असेल तर कोजागिरीच्या आसपास किल्ल्यावर लोकसंगीताचा मोठा महोत्सव असतो, २००७ पासून. लंगा, मांगणियार गायक चांदण्यात तटाखाली गातात. मसाला दूध नसलं तरी कोजागिरी झाल्यासारखी वाटेल. हॉटेलं मात्र फार आधी भरतात.

प्रश्न : आतल्या चित्रांबद्दल तुम्ही एक ओळ लिहून सोडून दिलंत, जरा सांगा ना. (एक वाचक, पैठण)

सोडायला नको होतं, बरोबर आहे, आणि पैठणहून विचारताय म्हणून तर जास्तच आनंद झाला. मानसिंग महाराज नाथपंथी होते, जालंधरनाथांचे भक्त. आपल्याकडे श्रावणात घरोघरी नवनाथांचं पारायण होतं, त्यातलेच हे जालंधरनाथ. मानसिंगांच्या चित्रकारांनी नाथांची मोठमोठी चित्रं काढली. १८२३ मध्ये बुलाकी नावाच्या चित्रकाराने सृष्टीच्या आधीचं परब्रह्म दाखवायला चित्राची पहिली चौकट नुसती सोनेरी ठेवली, एकही रेघ नाही, मग पुढच्या चौकटीत योगी बसलेला आणि तिसऱ्यात पाणी. ज्ञानोबांची गुरुपरंपरा नाथांचीच, त्यामुळे निर्गुण निराकार म्हणजे काय ते आपल्याला शब्दांत माहीत असतं, रंगात ते असं दिसेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तुम्ही जाल त्या दिवशी हेच चित्र बाहेर असेलच असं नाही, पण नाथांचं जे असेल त्यासमोर थांबा. खोलीत उजेड कमी असतो, डोळे सरावायला दोन मिनिटं द्या.

प्रश्न : जयाप्पा शिंदे तिकडेच कुठेतरी मारले गेले ना? आमच्याकडे घरात त्यांचं नाव निघतं. (एक वाचक, ग्वाल्हेर)

हो, नागौरला, जुलै १७५५ मध्ये. जोधपूरच्या विजयसिंगांना जयाप्पांनी नागौरच्या किल्ल्यात कोंडलं होतं, वेढा महिनोन् महिने चालला आणि छावणीतच दगा करून जयाप्पांना मारलं. त्यांचे धाकटे भाऊ दत्ताजींनी वेढा उठवला नाही, शेवटी तहात अजमेर आणि पन्नास लाख मिळाले. नागौर जोधपूरपासून साधारण १४० किलोमीटर, गाडी करून एका दिवसात जाऊन येता येतं. नागौरचा किल्लाही मेहरानगडच्याच ट्रस्टकडे आहे, फार सुंदर दुरुस्त केलाय, २००२ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला त्या कामाला. जयाप्पांची छत्री तिथून जवळ ताउसर गावात आहे. विचारत विचारत जावं लागतं, तेवढी तयारी ठेवा. सोबत थोडी फुलं घेऊन जा.

प्रश्न : किल्ला बघून झाल्यावर मुलांना कुठे मोकळं सोडता येईल? (एक वाचक, पनवेल)

किल्ल्याच्या पायथ्याशीच राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे, ७० हेक्टर, २०११ पासून लोकांसाठी खुलं. तिथे आधी सगळी वेडी बाभूळ माजली होती, खडकाच्या फटीत मुळं घुसलेली. दगडाच्या खाणीत काम करणारी खंडवालिया माणसं आणली, ती हातोडीने खडकावर ठोकून आवाजावरून फट कुठे जाते ते ओळखायची, आणि छिन्नी घालून मूळ बाहेर काढायची. मग त्याच खड्ड्यांत थोर, गुग्गुळ अशी वाळवंटातली मूळची झाडं लावली. माहिती सांगणारा माणूस बरोबर मिळतो, मुलांना त्यांच्याबरोबर पाठवा. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जा, पाण्याच्या बाटल्या माणशी दोन. पाऊस बरा झाला असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये खडक हिरवा असतो, पण तेव्हा उकाडा सोसावा लागेल. आणि बाहेर पडल्यावर घंटाघरापाशी मिर्चीवडा खाऊ घाला, मुलांना तिखट लागला तर वर माखनिया लस्सी.