डॉक्टरांना माझ्या वेळेचे बिल पाठवू का? आणि इतर प्रश्न

पैशांच्या या सदरात या वेळी निम्मी पत्रे दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिल्यासारखी आहेत. वेळ बुडाला की कमाई बुडते, त्यामुळे ती चुकीच्या पत्त्यावर आली आहेत असे मला वाटत नाही.

प्रश्न : अकराची अपॉइंटमेंट होती, आत बोलावले साडेबाराला. तपासणीला लागली आठ मिनिटे. मी तासाच्या दराने काम करतो, म्हणजे दीड तासाची कमाई गेली. डॉक्टरांना तेवढे बिल पाठवले तर चालेल का? — तासावर जगणारा

पाठवायला तुम्हाला कोणी अडवणार नाही. अमेरिकेत काही रुग्णांनी अशी बिले धाडल्याच्या आणि एखाद्या डॉक्टरने मुकाट्याने पैसे दिल्याच्याही बातम्या येऊन गेल्या आहेत. पण त्या भरवशावर राहू नका. अपॉइंटमेंट ही सहसा अंदाजाची वेळ असते. बरोबर त्या मिनिटाला आत घेऊ, असा करार कोणी केलेला नसतो.

उशीर का होतो हे कळले, तर निदान काही वेळ वाचवता येईल. दर दहा मिनिटांना एक रुग्ण लिहिलेला असतो. एकाचे काम चार मिनिटांत होते, दुसऱ्याला पंचवीस लागतात. सगळ्या रुग्णांची सरासरी दहाच भरते, पण चार मिनिटांत सुटलेल्याच्या मागची सहा मिनिटे पुष्कळदा फुकट जातात, कारण पुढचा रुग्ण अजून आलेलाच नसतो. पंचवीसवाल्याने खाल्लेली पंधरा मिनिटे मात्र मागच्या प्रत्येकाच्या वाट्याला येतात. वाचलेला वेळ साठवून ठेवता येत नाही आणि उशीर तेवढा साठत जातो.

अपॉइंटमेंटची वही जितकी गच्च, तितके हे बिघडते, आणि तेही सरळ प्रमाणात नाही. माणसे वाटेल तेव्हा येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळ अनिश्चित असतो, असे धरून रांगेचे साधे गणित मांडले, तर डॉक्टरांचा ८० टक्के वेळ भरलेला असताना सरासरी थांबावे लागते चार तपासण्यांइतके. ९० टक्क्यांवर ते नऊ तपासण्यांइतके होते आणि ९५ टक्क्यांवर एकोणीस. अपॉइंटमेंट दिल्याने आणि सत्र कधीतरी संपत असल्याने प्रत्यक्षात एवढे टोक येत नाही, पण चढण तशीच असते. शेवटचे चार रुग्ण ‘जमवून घेतले’ की त्याचा भुर्दंड सगळ्यांना पडतो तो असा.

तेव्हा सत्रातली पहिली वेळ मागा. ती नसेल तर मधल्या सुट्टीनंतरची पहिली. घरातून निघण्याआधी फोन करून विचारा, “डॉक्टर किती मागे चालले आहेत?” वेळ घेतानाच सगळ्या तक्रारी सांगा. दहा मिनिटांत तीन दुखणी काढणारा रुग्ण हाही मागच्यांच्या उशिराचे कारण असतो. नुसता रिपोर्ट दाखवायचा असेल, तर ते फोनवर होईल का हे विचारायला संकोचू नका.

आता माझे मत. अधूनमधून होणारा उशीर मी सोडून देईन, कारण आज तुमच्या पुढच्या माणसाला लागलेली पंचवीस मिनिटे उद्या तुम्हाला लागू शकतात. दर खेपेला दीड तास लागत असेल, तर तो योगायोग नव्हे. वहीच तशी लिहिली जाते आहे. तसे असेल तर डॉक्टरांना शांतपणे सांगा, आणि फरक पडला नाही तर दुसरा डॉक्टर शोधा. बिलापेक्षा ते त्यांना लवकर कळते.

प्रश्न : आमचे क्लिनिक रुग्ण न कळवता आला नाही तर दंड लावते. डॉक्टर तासभर उशिरा आले तर मात्र काहीच नाही. हा कुठला न्याय? — एका चुकलेल्या अपॉइंटमेंटची शिक्षा भोगणारी

न्याय एकतर्फी आहे, कबूल. पण न आलेल्या रुग्णाची वेळ कोणालाच मिळत नाही, आणि अशा गळतीच्या भीतीनेच क्लिनिक एका वेळेला दोन नावे लिहू लागते. म्हणून दंडाला माझा विरोध नाही. अट एवढीच, की तो आधी सांगितलेला असावा आणि किती तास आधी रद्द केले तर लागत नाही तेही स्पष्ट असावे. तुम्हाला हे सांगितलेच नसेल, तर तसे लिहून कळवा आणि पहिली वेळ म्हणून माफ करायला सांगा. विनंतीला पैसे पडत नाहीत.

प्रश्न : मी रिसेप्शनवर बसते. उशीर डॉक्टरांचा, बोलणी मला. पगार तोच. काय करू? — काउंटरमागची

तुमचे पत्र खरे तर डॉक्टरांनी वाचायला हवे. १९५२ साली नॉर्मन बेली या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांतल्या वेळापत्रकांचा अभ्यास केला. त्यातून निघालेली सूचना साधी होती : सुरुवातीला दोघांना बोलवा आणि पुढच्यांना सरासरी तपासणीइतक्या अंतराने. म्हणजे डॉक्टर रिकामे बसत नाहीत आणि बाहेर गर्दीही तुंबत नाही. ‘सकाळी सगळे या, नंबराने घेऊ’ या पद्धतीत डॉक्टरांचे एक मिनिटही वाया जात नाही, बाकी सगळ्यांची सकाळ जाते. डॉक्टर स्वतः वीस मिनिटे उशिरा आले, तर मात्र कुठलेच वेळापत्रक वाचवू शकत नाही.

तुमच्या हातात आहे ते एवढेच : उशीर आधी सांगा, कारण सांगा आणि आकडा थोडा वाढवूनच सांगा. किती थांबायचे आणि का, हे माहीत नसलेला अर्धा तास माहीत असलेल्या अर्ध्या तासापेक्षा मोठा वाटतो. व्यवस्थापनतज्ज्ञ डेव्हिड मेस्टर यांनी रांगांच्या मानसशास्त्रावर १९८५ मध्ये हे नेमके मांडले होते. चाळीस मिनिटे सांगून तिसाव्या मिनिटाला आत सोडलेला माणूस तुमचे आभार मानतो. ‘पाचच मिनिटे’ सांगून विसाव्या मिनिटाला सोडलेला भांडतो. शिवाय महिनाभर रोज रुग्णाची दिलेली वेळ आणि आत गेल्याची वेळ टिपून ठेवा. पगारवाढ मागताना आणि ‘अजून एक जमवून घ्या’ला नाही म्हणताना तो कागद कामाला येईल.

प्रश्न : थोडी स्वस्त औषधे मिळतात म्हणून मी अर्धा तास लांब जातो. बायको म्हणते, वेळेची किंमत धर. कोण बरोबर? — काटकसरी

दोघांनाही हिशेब मांडावा लागेल. करकपात होऊन हातात पडणारी कमाई भागिले कामाचे तास, आणि तासांत येण्याजाण्याचा वेळही धरायचा. हा तुमच्या तासाचा खरा भाव. बहुतेकांना तो वाटतो त्याहून कमी निघतो, म्हणून आधीच फुशारून जाऊ नका.

चूक होते ती दुसरीकडे. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये लोकांना विचारले : १५ डॉलरचा कॅल्क्युलेटर वीस मिनिटांवरच्या दुकानात ५ डॉलरने स्वस्त आहे, जाल? ६८ टक्के हो म्हणाले. तेच ५ डॉलर १२५ डॉलरच्या वस्तूवर वाचणार असतील तेव्हा २९ टक्केच तयार झाले. वाचणारी रक्कम तीच, लागणारा वेळ तोच. औषधांवर ‘वीस टक्के सूट’ वाचून धावणारे आपण कर्जाच्या व्याजात अर्ध्या टक्क्याची घासाघीस करायला लाजतो, आणि तिथली रक्कम कितीतरी मोठी असते. तेव्हा टक्के बाजूला ठेवून एका फेरीत नेमकी रक्कम किती वाचते ते पाहा. ती तुमच्या तासभराच्या भावापेक्षा कमी असेल, तर बायको बरोबर. जाऊनयेऊन तास होतो, हेही विसरू नका. आणि त्या तासात तुम्ही एरवी सोफ्यावरच लोळणार असाल, तर तुम्ही बरोबर.

प्रश्न : क्रेडिट कार्डाची थकबाकी आहे, दरमहा किमान रक्कम भरतो. बाजूला थोडी बचतही आहे. अचानक खर्च निघतात म्हणून तिला हात लावत नाही. बरोबर करतोय ना? — सावध

अर्धे बरोबर. समजा, कार्डाचे व्याज महिना ३ टक्के आहे. चक्रवाढीने ते वर्षाला ४२.६ टक्के होते. कुठलेही बचत खाते याच्या जवळपास फिरकत नाही, त्यामुळे तुमची बचत खात्यात पडल्या पडल्या झिजते आहे.

किमान रकमेचा सापळा आणखी बेरकी आहे. ती थकबाकीच्या ५ टक्के असेल, तर थकबाकी उतरेल तशी तीही उतरते. नवी खरेदी पूर्ण बंद केली तरी निम्मी थकबाकी फिटायलाच सुमारे ३२ महिने लागतात. तुम्ही पहिल्या महिन्याला भरलेली रक्कम तेवढीच कायम ठेवून भरत राहिलात, तर ३० महिन्यांत *सगळी* फिटते. वेगळे काही करायचे नाही, फक्त हप्ता खाली येऊ द्यायचा नाही. शिवाय मागची बाकी पूर्ण चुकती केली नसेल, तर बऱ्याच कार्डांवर नव्या खरेदीला पहिल्या दिवसापासून व्याज लागते. म्हणून ते कार्ड तूर्त कपाटात.

सगळी बचत कार्डात ओता, असे मात्र मी सांगणार नाही. दुसऱ्याच आठवड्यात दवाखान्याचे बिल आले, तर तुम्ही पुन्हा त्याच कार्डाकडे जाल. गच्च वहीतल्या डॉक्टरसारखी गत होते : एक रुग्ण लांबला की सगळे कोलमडते. एका महिन्याचा अत्यावश्यक खर्च हाताशी ठेवा, उरलेली बचत थकबाकीत घाला आणि ती फिटली की तोच हप्ता बचतीकडे वळवून तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाइतकी गंगाजळी उभी करा. कमाई अनियमित असेल तर सहाच्या बाजूला झुका.

आणि ते ‘अचानक’ खर्च एकदा लिहून काढा. विम्याचा हप्ता, फी, गाडीची दुरुस्ती, दातांचा डॉक्टर. जो खर्च दरवर्षी येतो त्याला अचानक म्हणू नये. वर्षाची बेरीज भागिले बारा, आणि तेवढी रक्कम पगाराच्या दिवशीच बाजूला.

प्रश्न : शस्त्रक्रियेसाठी एक वर्षाचे कर्ज ‘फक्त १० टक्के फ्लॅट’ने मिळते आहे. घेऊ? — घाईत

फ्लॅट म्हणजे पूर्ण मुद्दलावर पूर्ण वर्षाचे व्याज. तुम्ही दरमहा मुद्दल फेडत जाणार, म्हणजे वर्षभरात सरासरी निम्म्याहून थोडीच जास्त रक्कम तुमच्याकडे राहणार. बारा समान हप्त्यांत हे घटत्या शिलकीवरच्या, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर लागणाऱ्या, सुमारे १८ टक्क्यांइतके पडते. दुसरीकडे घटत्या शिलकीवर १४ टक्क्यांनी मिळत असेल तर ते स्वस्त, आकडा मोठा दिसला तरी. आधी रुग्णालयाच्या बिल विभागात विचारा, रक्कम हप्त्यांनी बिनव्याजी घेतील का. पुष्कळ ठिकाणी घेतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. कर्जच काढावे लागले, तर प्रक्रिया शुल्कासकट वार्षिक दर लिहून मागा आणि मुदतीआधी फेडल्यास काय कापतील तेही त्याच कागदावर घ्या. तारीख डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढे सरकवता येण्यासारखी असेल, तर या चौकशीला एक-दोन दिवस द्या. सरकवता येत नसेल तर शस्त्रक्रिया आधी करून घ्या. महाग कर्ज पुढे स्वस्त कर्जात बदलता येते.