सेकंडहँड महिंद्रा एक्सयूव्ही७०० घ्यायची तर कोणत्या वर्षाची? २०२१ ते २०२५ मध्ये गाडीत काय काय बदललं?

तुम्ही दिलेली माहिती अशी: घरात सहा माणसं, आई-बाबा साठी ओलांडलेले, मुलं ४ आणि ९ वर्षांची. पुण्यात रोज ऑफिसला एका बाजूला १८ किलोमीटर, आणि महिन्यातून एकदा कोकणात गावी. एवढ्यावरून माझं उत्तर: डिझेल ऑटोमॅटिक, एएक्स७ (वरचा प्रकार), सात सीटची, जुलै २०२३ किंवा त्यानंतर कारखान्यातून बाहेर पडलेली. आता कारणं.

विकणारा सांगतो ते बहुतेक वेळा पासिंगचं वर्ष असतं. डिसेंबर २०२२ मध्ये बनलेली गाडी २०२३ ची म्हणून सर्रास खपवली जाते. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ते बघा. या गाडीच्या बाबतीत महिन्याने फरक पडतो, कारण कंपनीने परत बोलावलेल्या गाड्या तारखेप्रमाणे ठरल्या होत्या. १ जुलै ते ११ नोव्हेंबर २०२२ या काळात बनलेल्या १२,५६६ एक्सयूव्ही७०० गाड्यांत क्लचच्या बेल हाउसिंगमधलं (क्लचवरच्या कवचातलं) रबरी बेलो तपासायला सांगितलं होतं. हा प्रश्न मॅन्युअलचा. त्याहून मोठी मोहीम ऑगस्ट २०२३ ची: ८ जून २०२१ ते २८ जून २०२३ या काळातल्या १,०८,३०६ गाड्या. इंजिनाच्या कप्प्यातला वायरिंगचा जुडगा घासून तार कापली जाण्याची शक्यता होती. म्हणजे सुरुवातीच्या दोन वर्षांहून थोडं जास्तच उत्पादन त्यात आलं. तपासणी आणि दुरुस्ती फुकट होती, पण गाडी वर्कशॉपला नेणं मालकाच्या हातात. चेसिस नंबर घेऊन कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा, काम झालंय की बाकी आहे ते तिथल्या तिथे कळतं. बाकी असेल तर व्यवहाराआधी मालकाकडूनच करून घ्या. काम झालेलं असेल तर २०२२ ची गाडी वाईट मुळीच नाही, किंमत मात्र तशी हवी.

थोडं मागे जाऊ, म्हणजे ही गाडी काय आहे आणि काय नाही ते समजेल. सप्टेंबर २०११ मध्ये आलेली एक्सयूव्ही५०० ही हिची आई. स्कॉर्पिओसारखी वेगळ्या लॅडर चॅसिसवर बॉडी नाही, तर मोनोकॉक, म्हणजे बॉडी आणि सांगाडा एकच. इंजिन आडवं, ताकद पुढच्या चाकांना. २.२ लिटर एमहॉक डिझेल तेव्हा १४० अश्वशक्तीचं होतं. २०१५ मध्ये फेसलिफ्ट आली, त्याच वर्षअखेर ऑटोमॅटिक. दिल्लीत २००० सीसीच्या वरच्या डिझेल गाड्यांच्या नोंदणीवर बंदी आली तेव्हा कंपनीने जानेवारी २०१६ मध्ये त्याच इंजिनाची १.९९ लिटरची आवृत्ती काढली (दिल्लीच्या बाजूची जुनी एक्सयूव्ही५०० कोणी दाखवली तर हे लक्षात असू द्या). २०१८ मध्ये ताकद १५५ वर गेली. पुढची पिढी तयार होत असताना तिला एक्सयूव्ही५०० च म्हणतील असा सगळ्यांचा समज होता. एप्रिल २०२१ मध्ये कंपनीने नाव एक्सयूव्ही७०० असं जाहीर केलं. १४ ऑगस्ट २०२१ ला ती दाखवली, ७ ऑक्टोबरला बुकिंग उघडलं आणि पहिल्या २५,००० गाड्या ५७ मिनिटांत संपल्या. चाकणला बनते. लांबी ४,६९५ मिमी, रुंदी १,८९०, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २,७५० मिमी. सोसायटीत खांबांच्या मधलं पार्किंग असेल तर आधी टेप लावून बघा, कारण १,८९० या आकड्यात आरसे धरलेले नाहीत.

मोनोकॉकमुळे ती हायवेवर कारसारखी चालते, झुलत नाही, आणि मागे मल्टिलिंक सस्पेन्शन असल्याने घाटात मागच्यांना उलटीचा त्रास कमी होतो. पण नदीपात्रात घालायची गाडी ही नव्हे. चारही चाकांना ताकद देणारा प्रकार फक्त एएक्स७ डिझेल ऑटोमॅटिकमध्ये मिळतो. कोकणच्या पावसाळ्यासाठी त्याची गरज नाही, चांगले टायर पुरतात. वजन आणि डिझेल मात्र वाढतं.

इंजिनं दोन. २.० लिटर टर्बो पेट्रोल: २०० पीएस (जवळपास तेवढीच अश्वशक्ती), टॉर्क ३८० न्यूटन मीटर. २.२ डिझेल: एमएक्स या सर्वात खालच्या प्रकारात १५५ पीएस, एएक्स मालिकेत १८५ पीएस, टॉर्क मॅन्युअलला ४२०, ऑटोमॅटिकला ४५०. दोन्हींना ६ गिअर, ऑटोमॅटिक टॉर्क कन्व्हर्टर जातीचं. पेट्रोल शांत आणि झकास पळतं, पण शहराच्या ट्रॅफिकमध्ये लिटरला ७ ते ९ किलोमीटरच्या वर जाईल अशी आशा ठेवू नका. डिझेल साधारण ११ ते १३ देतं. तुमचं वर्षाचं फिरणं १५,००० च्या पुढे जाईल, त्यामुळे डिझेलच.

डिझेलची एक अट मात्र आहे. एक्झॉस्टमधला काजळी पकडणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, स्वतःला जाळून साफ करायला गरम लागतो. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारून गाडी बंद करत राहिलात तर काजळी साचते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी ताकद कमी करते. तुमचा १८ किलोमीटरचा प्रवास आणि महिन्याची कोकणवारी याला पुरेशी आहे. दिवा लागलाच तर मोकळ्या रस्त्यावर ६० च्या वर, एक गिअर खालचा ठेवून, पंधरा-वीस मिनिटं न थांबता चालवा. दुसरं म्हणजे डीईएफ, ज्याला लोक अॅडब्लू म्हणतात: ३२.५ टक्के युरियाचं द्रावण. त्याची टाकी वेगळी, निळ्या झाकणाची. आयएसओ २२२४१ लिहिलेला सीलबंद कॅनच घ्या. सुट्टं, स्वस्त द्रावण इंजेक्टरवर खडे धरतं आणि ती दुरुस्ती महाग पडते. डीईएफ संपू दिलं तर ठरावीक अंतराच्या इशाऱ्यानंतर गाडी पुन्हा सुरू होत नाही. ते चुकून डिझेलच्या टाकीत पडलं तर इंजिन सुरूच करू नका, टोइंग बोलवा.

आता प्रकार. एमएक्स आणि एएक्स३ मध्ये पुढच्या दोनच एअरबॅग. एएक्स५ पासून पडद्यासारख्या कर्टन एअरबॅग आणि मोठं सनरूफ. एएक्स७ ला बाजूच्या एअरबॅग, १८ इंची चाकं आणि एडीएएस, म्हणजे कॅमेरा आणि रडार वापरून चालकाला मदत करणारी यंत्रणा. त्यावर लक्झरी पॅक, म्हणजे एएक्स७एल: ३६० अंशांचा कॅमेरा, इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक, सोनीचे १२ स्पीकर, गुडघ्याची एअरबॅग. नोव्हेंबर २०२१ च्या ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत मोठ्यांसाठी १७ पैकी १६.०३ गुण आणि ५ तारे, मुलांसाठी ४९ पैकी ४१.६६ आणि ४ तारे मिळाले. ती चाचणी दोन एअरबॅगवाल्या गाडीवर झाली होती. म्हणजे सांगाडा मजबूत आहेच, पण बाजूने धडक बसली तर जादा एअरबॅगचं काम वेगळं. सहा जणांचं कुटुंब घेऊन जायचं तर मी एएक्स७ च्या खाली उतरणार नाही. एडीएएसला मी तेवढं महत्त्व देत नाही. एक्सप्रेसवेवर पुढच्या गाडीपासून अंतर राखणारं अॅडॅप्टिव्ह क्रूझ आरामाचं आहे; घाटात, पुसट पट्ट्यांच्या रस्त्यावर किंवा मधेच दुचाकी घुसते तिथे ते बंद ठेवलेलं बरं.

सीटांचा प्रश्न तुमच्यासाठी खरा अवघड आहे आणि कोणी त्याचा नीट विचार करत नाही. जानेवारी २०२४ मध्ये एएक्स७ आणि एएक्स७एल ला मधल्या रांगेत दोन कॅप्टन सीटचा, म्हणजे सहा सीटचा पर्याय आला (एएक्स७एल ला पुढे हवेशीर सीटही त्याच वेळी). आई-बाबांना हातटेकू मिळतात हे खरं, पण मग दोन्ही मुलं तिसऱ्या रांगेत. चार वर्षांच्या मुलाला पट्ट्यांची चाइल्ड सीट लागते आणि ती अडकवायचे आयसोफिक्सचे हूक आहेत मधल्या रांगेत. सातसीटरमध्ये चाइल्ड सीट उजव्या खिडकीला बसवा, आई-बाबा त्याच बाकावर, आणि नऊ वर्षांचं मूल डाव्या सीटमागून तिसऱ्या रांगेत बूस्टरवर. डावी सीट पुढे उलटते, तेव्हा चाइल्ड सीट डावीकडे बसवली तर मागे जायची वाट बंद. बघायला जाताना सगळ्यांना आणि चाइल्ड सीटलाही न्या. तिसरी रांग उघडी ठेवली की डिकीत चार सॅक मावतात, मोठ्या बॅगा नाहीत. आणि आरसीवर आसनक्षमता ७ आहे ना ते वाचा. खालच्या प्रकारांत पाचसीटर बऱ्याच आहेत, त्यात मागून बाक बसवलेला दाखवला तर सरळ निघा.

किमतीचं बोलताना मालकाचं जुनं बिल आधार धरू नका. जुलै २०२४ मध्ये एएक्स७ च्या किमती दोन लाखांहून जास्त उतरल्या, सुरुवात १९.४९ लाखांवर आली. सप्टेंबर २०२५ मध्ये कर ४८ टक्क्यांवरून ४० झाला आणि आणखी १.४३ लाखांपर्यंत फरक पडला. जानेवारी २०२६ मध्ये तीन स्क्रीनची फेसलिफ्ट एक्सयूव्ही ७एक्सओ नावाने आली, इंजिनं तीच ठेवून. २०२२ मध्ये ज्याने चढ्या भावाने घेतली त्याचं नुकसान झालं, पण ते तुम्ही भरून द्यायचं कारण नाही.

बघायला सकाळी जा आणि इंजिन गरम करून ठेवू नका असं आधीच सांगा. थंड स्टार्टला आवाज आणि धूर बघा. ब्रेकवर पाय ठेवून डी आणि आर मध्ये चार-पाचदा टाका; धक्का किंवा उशीर असेल तर गिअरबॉक्सचं स्कॅनिंग केल्याशिवाय पुढे जाऊ नका. खराब रस्त्यावर ३० च्या वेगाने काच खाली करून चालवा, पुढून टकटक आली तर सस्पेन्शनचे लिंक रॉड आणि बुश बघायला लावा. पुढच्या काचेवरची छपाई बाकीच्या काचांशी जुळते का ते पाहा: काच बदलली असेल तर एडीएएसचा कॅमेरा पुन्हा कॅलिब्रेट केल्याचा कागद मागा, कारण तो त्या काचेमागेच बसतो. रडार पुढच्या बाजूला असतं, म्हणून बंपर रंगवला असेल तर कारण विचारा. टायरवरचे चार आकडे वाचा. ३८२२ म्हणजे २०२२ चा ३८ वा आठवडा. ४०,००० किलोमीटरच्या आत चारही टायर नवे असतील तर मीटरवर विश्वास ठेवण्याआधी सर्व्हिसच्या नोंदी काढा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, तळाशी चिखलाची रेघ असेल तर गाडी पाण्यात गेलेली आहे. बाहेरून तारा कापून दिवे, अॅम्प्लिफायर बसवलेली गाडी मी सोडून देईन, या मॉडेलच्या वायरिंगचा इतिहास बघता तर नक्कीच.

स्क्रीन अडकते, फोन जोडला जात नाही अशा तक्रारी सुरुवातीच्या गाड्यांत ऐकू येतात. बहुतेक सॉफ्टवेअर अपडेटने सुटतात, त्यामुळे त्यावरून गाडी नाकारू नका. अपडेट करून मग फोन जोडून दाखवा म्हणा.

दिल्लीची डिझेल गाडी दोन लाख स्वस्त दिसेल. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आणली गेली म्हणून भाव पडलेला असतो. इथे आणायची तर फॉर्म २८ ची एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो. हिशेब करूनच उडी मारा. इथलीच गाडी असेल तर नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस विकणाऱ्याचा असतो, तो तुम्हाला मिळत नाही, तेव्हा विम्याचा हप्ता पूर्ण धरून बजेट करा.