मोठ्या हवामान संशोधनाचा प्रस्ताव कसा मांडावा?

प्रश्न : हवामानशास्त्र, वैद्यक आणि अर्थशास्त्र या विषयांतील आम्ही काही अभ्यासक हवामान बदलावरील मोठ्या संशोधन कार्यक्रमासाठी सरकारी निधी मागणार आहोत. प्रस्तावात सर्वांत जास्त लक्ष कशाकडे द्यावे?

उत्तर : सर्व विषयांना बांधून ठेवणाऱ्या एका प्रश्नाकडे. प्रत्येकाने आपापले प्रकरण लिहून शेवटी ती एकत्र शिवली, की परीक्षकांना टाके लगेच दिसतात. 'उष्णतेच्या लाटेत उघड्यावर काम करणाऱ्यांचे किती तास बुडतात?' हा प्रश्न घेतला, तर हवामानशास्त्रज्ञाने दिवसाचे कमाल तापमान देऊन भागत नाही. घाम किती वेगाने सुकतो हे आर्द्रतेवरही अवलंबून असल्यामुळे डॉक्टरांना दर तासाचे तापमान आणि आर्द्रता दोन्ही लागतात, आणि अर्थतज्ज्ञाचा हिशेब त्यानंतरच सुरू होतो. कोणाची माहिती कोणाकडे, कोणत्या स्वरूपात आणि कधी जाणार, हे प्रस्तावातच स्पष्ट लिहा. युरोपीय संघाच्या 'होरायझन युरोप' (२०२१-२०२७) या संशोधनाला निधी देणाऱ्या कार्यक्रमात गुणवत्ता आणि परिणाम यांच्याबरोबर अंमलबजावणी हाही मूल्यमापनाचा निकष आहे, आणि मला तो अत्यंत रास्त वाटतो. माहितीची ही जुळवणी करणाऱ्या व्यक्तीचा पूर्णवेळ पगार अंदाजपत्रकात पहिल्या वर्षापासून धरा.