हिवाळ्यात जपानच्या इया खोऱ्यात पहिल्यांदा जाताय?

जरूर जा, थंडीत गर्दी कमी असते. फक्त एक लक्षात ठेवा: ओकु-इयाचे (खोऱ्याच्या वरच्या भागातले) वेलींचे जोडपूल डिसेंबर ते मार्च बंद असतात आणि नवखे नेमके तिथंच जाऊन परत फिरतात. तुम्ही खालच्या खोऱ्यातला काझुराबाशी हा वेलींचा पूल धरा. 45 मीटर लांब, पाण्यापासून 14 मीटर उंच. वेली दर 3 वर्षांनी बदलतात, आत पोलादी दोर आहेत; तुटायची भीती नको.

भीती घसरण्याची. फळ्यांमधून खालची नदी चक्क दिसते, आणि थंडीच्या सकाळी त्यांच्यावर दंव असू शकतं. पाऊल फळीवर आडवं, पूर्ण टेकवा. एक हात कठड्याच्या वेलीवर. हात गोठतील, हातमोजे घ्याच.

- गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत.
- मोबाइल चेनच्या खिशात. सेल्फी पलीकडे गेल्यावर!
- ओबोके स्टेशनहून बस मोजक्याच. परतीची वेळ आधी बघा.

दरीत ऊन लवकर जातं, म्हणून दुपारी तीननंतर नवी वाट धरू नका. बर्फातले क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे खिळे), वरची शिखरं वगैरे सध्या राहू द्या. पहिल्या खेपेला एक पूल आणि पोटभर गरम सोबा (जपानी नूडल्स) पुरे.