नेत्रतंत्रज्ञाच्या प्रात्यक्षिक मुलाखतीत काय पाहतात?

प्रश्न : नेत्रतंत्रज्ञ पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात एका नेत्ररुग्णालयात मुलाखत आहे. तिथे यंत्रावर काम करून दाखवावं लागतं म्हणे. यंत्रं चालवता येतात, मग आणखी कसली तयारी करू?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : यंत्र बहुतेक सगळ्यांनाच चालवता येतं. आलेला आकडा चुकला आहे हे कुणाला कळतं, ते परीक्षक पाहतात. म्हणून सर्वाधिक वेळ मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसवायच्या लेन्सची पॉवर काढण्याला द्या.

आधी के रीडिंग (कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची वक्रता), मग भुलीचे थेंब, मग ए-स्कॅन (डोळ्याला प्रोब टेकवून ध्वनिलहरींनी त्याची लांबी मोजणं). हा क्रम उलटला तर थेंब आणि प्रोबच्या स्पर्शामुळे कॉर्नियाचा पृष्ठभाग बिघडतो आणि के रीडिंगवर भरवसा राहत नाही. प्रोब टेकवताना हात जरासा जड पडला तरी कॉर्निया दबतो आणि डोळ्याची लांबी कमी भरते. साधारण 23.5 मिमीच्या डोळ्यात 1 मिमीची चूक म्हणजे नंबरात अडीच ते तीन डायॉप्टरचा फरक. लांबी कमी आली की लेन्स जास्त पॉवरची निवडली जाते आणि शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला मायनसचा चष्मा लागतो. एखाद्या रीडिंगमध्ये एसीडी (कॉर्नियापासून डोळ्यातल्या लेन्सपर्यंतची खोली) बाकीच्यांपेक्षा कमी दिसली, तर तिथे डोळा दबला होता असं समजा आणि ते रीडिंग सरासरीतून काढून टाका.

ए-स्कॅनचा आलेखही वाचायला शिका. रेटिनाची (डोळ्याच्या मागच्या पडद्याची) रेघ सरळ उभी चढायला हवी. तिच्यामागे स्क्लेराची (डोळ्याच्या पांढऱ्या आवरणाची) रेघच नसेल, तर प्रोबचा रोख नेत्रनाडीकडे गेलेला असतो. दोन डोळ्यांच्या लांबीत 0.3 मिमीहून जास्त फरक आला तर पुन्हा मोजा आणि रुग्णाचा जुना चष्मा मागून घ्या. फरक खरा असेल तर बहुधा तो चष्म्यातही दिसेल. डोळ्यात सिलिकॉन ऑइल (रेटिनाच्या शस्त्रक्रियेत भरतात ते) आहे का, हे आधीच विचारा. त्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 980 मीटर, तर डोळ्यातल्या द्रवात 1532 मीटर असतो. यंत्राचा मोड न बदलल्यास लांबी फार जास्त येते.

अ‍ॅप्लनेशनने (कॉर्निया किंचित सपाट करून) डोळ्याचा दाब मोजताना फ्लुरेसिन (डोळ्यात घालायचा रंग) जास्त झालं की यंत्रातून दिसणारी अर्धवर्तुळं जाड दिसतात आणि दाब जास्त येतो. रुग्णाने श्वास रोखला किंवा पापणी धरताना तुमचं बोट डोळ्यावर दाबलं गेलं, तरीही तेच. दाबाशेजारी वेळ लिहायची सवय आत्ताच लावा. टोनोमीटरचं (दाब मोजायच्या यंत्राचं) कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकता, 0, 2 आणि 6 या खुणांवर तपासतात. ते करून दाखवता आलं तर तुमचं वजन नक्की वाढेल.

प्रश्न : 'मला काचबिंदू आहे का?' असं रुग्ण विचारतात. काय सांगावं?
– एक प्रशिक्षणार्थी, लातूर

उत्तर : "दाब मोजून कागदावर लिहिलाय, डॉक्टर तपासून सांगतील," एवढंच. धीर द्यायला म्हणूनही 'नॉर्मल आहे' म्हणू नका. दाब नॉर्मल मानल्या जाणाऱ्या 21च्या आत असूनही काचबिंदू असू शकतो, आणि तुमच्या शब्दावर विसंबून रुग्ण डॉक्टरांना न भेटताच निघून जातो.

मात्र काही तक्रारी रांगेत थांबवायच्या नसतात. अचानक प्रकाश चमकणं, नजरेपुढे काळा पडदा येणं, अचानक दिसेनासं होणं : लगेच डॉक्टरांना कळवा. डोळ्यात चुना गेला असेल (तंबाखूच्या चुन्याची पुडी फुटून मुलांच्या डोळ्यात उडते), तर केसपेपर आणि दृष्टीतपासणी दोन्ही मागे ठेवा. भुलीचा थेंब घाला, पापणी उलटून कण काढा आणि सलाइनने निदान अर्धा तास डोळा धुवा. सलाइन हाताशी नसेल तर नळाचं स्वच्छ पाणी चालेल.