देखावा कुठे तयार होतो

चि., अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. ‘लोकशाही हा नुसता देखावा आहे’ असं तू लिहिलंस. राग खरा आहे तुझा, पण तो कुठे लावायचा ते सांगावंसं वाटतं.

दिलेला शब्द आणि व्यवहार यांत अंतर नाही अशी लोकशाही मला तरी माहीत नाही. सगळी माणसं समान, असं अमेरिकेनं १७७६ साली जाहीर केलं. गुलामगिरी जायला १८६५ उजाडलं. स्वित्झर्लंडच्या बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळालं १९७१ साली. आपल्याकडे पहिल्याच निवडणुकीपासून प्रत्येक प्रौढाला मत. तरी राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ला घटना समितीत बोलून दाखवली होती. ती अजून मिटलेली नाही.

मला मात्र जास्त डाचतं ते जवळचं. जिल्हा परिषदेची पाच वर्षं संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी, असं घटनेतच आहे. सांगली आणि सातारा, दोन्हीकडची मुदत २०२२ला संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक होते. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात होता, मान्य. पण आमचा सदस्य कुठाय, असं किती जणांनी विचारलं? आणि हा प्रतिसरकारचा, म्हणजे इंग्रजांना न जुमानता लोकांनीच चालवलेल्या सरकारचा मुलूख! इंग्रज असताना तुमच्या कुंडलकडच्या माणसांनी गावोगाव स्वतःचे न्यायनिवाडे चालवले. (त्यांच्या सगळ्या शिक्षांचं समर्थन मी करणार नाही.)

तू ग्रामसभेला जा. कोरमला, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीला, पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, जे कमी असेल ते. तेवढेही जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग मोजकी माणसं बसून वर्षाचा आराखडा मंजूर करतात. तू म्हणतेस तो देखावा इथे, आपल्या गैरहजेरीत तयार होतो.

एकटी जाऊ नकोस, आईला आणि चुलतीला घेऊन जा. आधी महिलांची सभा घ्यायची असते, ती झाली का विचार. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला लाव. वित्त आयोगाकडून गावाला आलेला पैसा कुठल्या वस्तीत गेला, तेही विचार. आवाज कापेल, कापू दे, प्रश्न पुरा कर. उत्तर टाळलं तर माहिती अधिकाराचा अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडेच (पूर्वीचा ग्रामसेवक) द्यायचा, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. नमुना सोबत जोडलाय.