कुष्ठरोग रुग्णालयात काम करणाऱ्या नर्सला हा आजार होण्याची भीती किती?

तुमच्या बहिणीची नेमणूक कुष्ठरोग रुग्णालयात झालीय, आई राजीनामा दे म्हणतेय आणि धोका खरंच किती, असं तुम्ही विचारलंय. मी चंद्रपूर जिल्ह्यात 27 वर्षं कुष्ठरोग तंत्रज्ञ होतो. धोका आहे, पण वॉर्डात तो सगळ्यात कमी.

कारण तिथल्या माणसाचा आजार ओळखलेला असतो. एमडीटी म्हणजे कुष्ठरोगावरची एकत्रित औषधं, त्यातलं रिफाम्पिसिन पोटात गेलं की थोड्याच दिवसांत त्याच्याकडून रोग पसरायचा थांबतो. झडलेली बोटं, तळपायाच्या जखमा बघून लोक दचकतात, पण उपचार पुरे झालेल्या त्या म्हाताऱ्यांपासून कुणाला काही होत नाही. आजार पसरतो तो मुख्यतः औषध न घेतलेल्या रुग्णाच्या नाकातोंडातून, तेही दीर्घ सहवासात. त्यात साधारण 95 टक्के लोकांना मुळातच प्रतिकारशक्ती असते. नॉर्वेचे डॉक्टर डॅनियलसेन यांनी तर रुग्णाच्या गाठीतला अंश स्वतःला टोचून घेतला होता. काही झालं नाही. (रोग आनुवंशिक आहे असंच ते मानायचे. जंतू सापडला तो 1873 मध्ये, त्यांच्याच जावयाला, हान्सेनला.) हवाईतल्या मोलोकाई बेटावर कुष्ठरुग्णांची सेवा करणारे फादर डेमियन याच रोगाने गेले हे खरं, पण त्यांच्यासोबत काम केलेले ब्रदर डटन तिथे 40हून जास्त वर्षं राहिले आणि त्यांना तो झाला नाही.

मी रोज स्मिअर, म्हणजे जंतू तपासायला त्वचेतल्या रसाचा नमुना, घ्यायचो. कानाची पाळी चिमटीत इतकी दाबायची की पांढरी पडली पाहिजे, मग ब्लेडने जेमतेम 5 मिलिमीटरचा छेद, पातं आडवं फिरवून आतला रस खरवडायचा आणि काचपट्टीवर पसरायचा. रंग दिल्यावर दुर्बिणीखाली लाल जंतू विडीच्या कट्ट्यासारखे बांधलेले दिसतात. त्या टेबलावर मला भीती वाटायची ती ब्लेडची. बोट कापलं तर कावीळ बी आणि एचआयव्हीची काळजी आधी. बहिणीला हिपॅटायटिस बीची लस झालीय का, ते आधी विचारा.

आता दुसरी बाजू. आमच्यातल्याच एका आरोग्यसेविकेच्या दंडावर फिकट चट्टा आला. गावोगाव ‘चट्टा दिसला की दाखवा’ सांगणारी बाई, पण स्वतः आठ महिने गजकर्णाचं मलम लावत बसली, कारण ऑफिसात कळलं तर काय म्हणतील! शेवटी मीच डोळे मिटायला लावून पेनचं टोक चट्ट्यावर टेकवलं, तिला कळलंच नाही. चट्टा बधिर, म्हणजे कुष्ठरोगाचाच. सहा महिन्यांच्या औषधाने बरी झाली. नोकरीतून झाला की माहेरच्या गावातून, हे कुणी सांगू शकत नाही. आजार उमटायला सरासरी 5 वर्षं लागतात, कधी 20सुद्धा.

म्हणून बहिणीने वर्षातून एकदा अंगभर त्वचा तपासून घ्यावी, पाठसुद्धा. नव्या रुग्णाच्या संपर्कातल्यांना रिफाम्पिसिनचा एक डोस देतात, तो तिला लागू होतो का हे तिथल्या डॉक्टरांना विचारावं. आधी क्षयरोग नाही ना, हेही बघून घेतात.

भांडी वेगळी ठेवायची गरज नाही. माझी आई सुरुवातीला माझा डबा वेगळा घासायची, राखेने, दोनदा. मी काही बोललो नाही. धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या गडबडीत तो एकदा सगळ्या भांड्यांत गेला, तो तिथलाच झाला.